पायापर्यंतचा फोटो

"लेकरासाठी पाहिजे का मोठ्या माणसासाठी?" नबीभाईने दोन कॅमेरे काचेवर ठेवत विचारलं.

"काढणार वैष्णवी. फोटो माझा काढायचा."

"मग मोबाईल काय वाईट हाय, रामकिसनभाऊ? आजकाल कॅमेरा घेतो कोण? हे बी कवाचे पडून हायत."

मोबाईलवर माझा भरवसा उरला नव्हता. माझ्या बायकोचे, रोहिणीचे, होते नव्हते ते फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते. गेल्या वर्षी विहिरीतली मोटार बघायला वाकलो आणि तो खिशातून पाण्यात पडला. त्याच महिन्यात ती तापाने गेली. दहाव्याला ठेवायला फोटो नव्हता. मग नबीभाईनेच, याच दुकानात, आधार कार्डावरचा तिचा चेहरा दुसऱ्या एका बाईच्या धडावर बसवून दिला. पाटोद्यात बरेच जण तसं करून घेतात. आमच्या भिंतीवर रोहिणी जांभळी पैठणी नेसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून बसली आहे. तशी पैठणी तिने कधी हातातसुद्धा धरली नव्हती.

येत्या सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. वैष्णवी नऊ वर्षांची. तिला मी तपासणीला जातोय एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनातच गेलो तर पोरीजवळ माझं काय राहील, या भीतीने मी तिला घेऊन दुकानात आलो होतो.

मोठ्यांचा कॅमेरा काळा आणि जड. नबीभाईने पट्टा वैष्णवीच्या गळ्यात घातला तशी तिची मान वाकली. बोट बटनापर्यंत पोचेना. पोचलं तेव्हा हात हलला. फोटोत मी दोन-दोन दिसत होतो.

"एकावर एक फुकट," नबीभाई हसला.

लेकरांचा कॅमेरा गुलाबी, वर सशाचे कान. तो तिच्या हातात नीट बसला. मी हात मांडीला चिकटवून ताठ उभा राहिलो.

"बाबा, असं नका उभं राहू. भिंतीवरच्या बाईसारखं दिसताय."

"बाई? आई हाय ती तुझी."

"वर आई हाय. खाली न्हाई." ती कॅमेऱ्यातून बघतच बोलत होती. "आई अशी ताठ कवा बसायची? मला लई भ्या वाटतं तिचं. म्हणून तर मी बाहेर ओट्यावर झोपते."

वर्षभर मी समजत होतो, पोरीला घरात उकडतं.

नबीभाई काच पुसायला लागला. "तवा घाई होती, बेटी," तो हळूच म्हणाला.

"नबीभाई, मी गेलो तर माझ्या मानेखाली काय लावशील?" मला हे हसत विचारायचं होतं, पण आवाज फाटला.

"पुरुषमाणसाला कोट हाय, निळा..." बोलता बोलता तो दचकला. "काय अभद्र बोलायला लावता, भाऊ!"

वैष्णवीने कॅमेरा खाली घेतला. "बाबा, तपासणीच हाय ना? मग कावून असं बोलताय?"

काहीतरी खोटं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. छातीतली धडधड मला कानात ऐकू येत होती.

"ऑपरेशन हाय," मी म्हणालो. "छातीचं. मला बी लई भ्या वाटतंय."

ती रडेल असं मला वाटलं. तिने सशाच्या कानावरून बोट फिरवलं आणि नबीभाईला विचारलं, "चाचा, ह्याच्यात बाबा पायापर्यंत येतील का?"

"ह्याच्यात झूम न्हाई, बेटी. त्या काळ्यात हाय. ह्याच्यात माणसालाच मागं जावं लागतं."

"मंग हाच घ्या," ती मला म्हणाली. "अन् मागं सरका."

मी सरकलो. "अजून." पाठ दाराला लागली. "पाय न्हाई आले." मी उंबरा ओलांडला, पायरी उतरलो, रस्त्यावर आलो. मागून टमटमवाला हॉर्न वाजवत ओरडला, "ओ काका, घर समजले का रस्त्याला?" नबीभाईने बाहेर येऊन त्याला हाताने थांबवलं.

"अजून मागं?" मी विचारलं.

दुकानाच्या दारात ती फार लहान दिसत होती. तोंड कॅमेऱ्यामागे होतं, त्यामुळे रडतेय का ते कळत नव्हतं.

"एकच पाऊल," ती म्हणाली. "हां. आता सगळे आलात."

माझे गुडघे थरथरत होते. ते थांबेपर्यंत तिने बटन दाबलं नाही. टमटमवाल्यानेही पुन्हा हॉर्न वाजवला नाही.