भुंकला नाही म्हणून

मी एक म्हातारा कुत्रा आहे. मित्रांनो, त्याआधी आठ वर्षे मी श्वान होतो.

जात तीच, नाकही तेच. श्वान नोंदवहीत असतो, दारावरच्या पाटीत असतो, पदक देतानाच्या भाषणात असतो. कुत्रा लोकांच्या तोंडी असतो. चिडलेला माणूस दुसऱ्याला ‘कुत्र्या’ म्हणतो. ‘श्वाना’ अशी शिवी मी अजून ऐकलेली नाही.

पोलीस पथकात मला एकच काम होते. स्फोटकाचा वास आला की त्या वस्तूसमोर गप्प बसायचे. भुंकायचे नाही, पंजा मारायचा नाही. मी बसलो की मला शिकवणारे हवालदार हात वर करीत आणि सगळी माणसे मागे सरत.

वय भरल्यावर एका गोदामाच्या मालकाने मला राखणीसाठी मागून नेले. तिथले रखवालदार काका डब्यातला पहिला घास मला देत.

“मुका आहेस का रे? कुत्र्याच्या जातीला बट्टा लावलास!” म्हणत आणि हसत.

एका दुपारी खोकी आली. वर ‘खिळे’ असे लिहिले होते. त्यातल्या एका खोक्यासमोर मी बसलो.

“मालक, बघा तुमचा साहेब! ध्यान लावून बसलाय.”

“अहो, ओढा त्याला बाजूला. ट्रक खोळंबलाय.”

काकांनी मला ओढले. मी परत जाऊन बसलो. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खांबाला बांधले, खोके उचलले आणि आत टाकले.

खोक्यात खाणीतल्या सुरुंगाच्या कांड्या होत्या. काकांचा उजवा हात मनगटापासून गेला.

“एकदा जरी भुंकला असता!” मालक भेटेल त्याला सांगतात. कुत्रा भुंकतो, हे त्यांना ठाऊक होते. श्वान बसतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मला नेले त्या दिवशी हवालदार रजेवर होते. कागदावर शिक्का मारणाऱ्याने माझी पदके तेवढी मोजून दाखवली.

आता मी रस्त्यावर असतो. काकांची लेक मला पाहिले की दगड उचलते. तिचा नेम चांगला आहे. मी पळत नाही.

मित्रांनो, कामावरून उतरलेला प्राणी घरी आणाल, तेव्हा त्याला हवे ते नाव द्या. पण आधी त्याला शिकवणाऱ्या माणसाला भेटा. तो रजेवर असेल, तर त्याची रजा संपेपर्यंत थांबा.