उजवीकडचा खालचा खण

आमच्या यांनी जेवण सोडलं ते आषाढात. रुसून नव्हे. रुसणं मी निभावून नेलं असतं, पंचेचाळीस वर्षांचा सराव आहे. ताटावर बसायचे, भाताकडे बघायचे आणि परक्याच्या घरी आल्यासारखे अवघडून म्हणायचे, "नको, तुमचं होऊ द्या. मी घरी जाऊन जेवेन."

"अहो, हेच घर! कर्जतात राहतो आपण. ही तुमची खुर्ची, हे तुमचं ताट."

"हो का?" म्हणायचे आणि चपला शोधायला उठायचे.

अख्खं कर्जत यांना मधू सर म्हणून ओळखतं. भूगोल शिकवला जन्मभर. आणि त्याच माणसाला आता स्वतःच्या घराचा पत्ता सापडेना! आधी किल्ल्या विसरले, मग विद्यार्थी, मग पुण्याची आमची प्रणिता, पोटची पोर. माझं नाव तेवढं टिकलं होतं. दिवसातून एकदा तरी "उमे, चहा टाक गं" अशी हाक यायची, आणि त्या एका हाकेवर मी दिवस काढायचे.

दोन महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरलं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा पण पोटात घाला, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. मी मऊ भात केला, घावन केले, दटावलं, हात जोडले, रडले. काही उपयोग झाला नाही. घरी जाऊन जेवेन, एवढंच.

घर म्हणजे कुठलं घर? नेरळला सासूसासरे पुढे राहायचे ती चाळ दाखवून आणली. रिक्षातून उतरलेसुद्धा नाहीत. मग एका सकाळी आपणहून बोलले, "घरी ते ओकचं साइडबोर्ड आहे ना, त्या खोलीत जेवतात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माथेरानचा बंगला! लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. सासरे मुंबईच्या कुणा बड्या लोकांचा तिथला बंगला सांभाळायचे आणि यांचं लहानपण तिथे गेलं. "आमच्या डायनिंग रूममध्ये" असं सुरू झालं की मी म्हणायचे, "झालं, राजेसाहेबांची स्वारी निघाली." पण यांचं वर्णन एकदम चोख. भिंतीला लागून लांबलचक काळपट कपाट, वर काचेची भांडी, खाली चमच्यांचे आणि रुमालांचे खण. खणांना सिंहाच्या तोंडाच्या पितळी कड्या. आणि उजवीकडचा खालचा खण गुडघ्याने ढकलल्याशिवाय बंद व्हायचा नाही.

प्रणिताला फोन केला तर ती उखडली. "आई, वेड लागलंय का तुला? त्या एवढ्याशा खोलीत कपाट ठेवणार कुठे?"

"तुझ्या बापाला घरी जायचंय. त्यांना नेता येत नसेल तर घर इकडे आणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खालापूरच्या तहसील कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. रोज एसटीने जायचे, त्यामुळे रस्त्यावरची चांगोची शेड पाठ होती. माथेरानचे जुने बंगले रिकामे झाले की तिथलं सामान तो उचलतो आणि फार्महाउसवाल्यांना विकतो. पत्र्याखाली खुर्च्यांवर खुर्च्या, पलंगांवर आरसे. मला बघून उठला.

"या या, टायपिस्टबाय! काय पायजे?"

साइडबोर्ड म्हटल्यावर त्याने तीन दाखवले. पहिलं आरशासारखं चकचकीत. मी कडेने नख फिरवलं. "हे कालचं आहे. जुनं दिसायला केलंयस. मला शिकवतोस होय रे?"

"तुमच्याफुडं काय चालत नाय, बाय," तो हसला. दुसरं खरंच जुनं होतं, पण सागवानी, कड्या साध्या. तिसरं पार मागे, ताडपत्रीखाली. काळपट, जड, वर गरम भांड्याचा एक गोल डाग. पितळेच्या कड्यांना हिरवा गंज चढलेला, पण सिंह ओळखू येत होते.

"ह्यो ओक. सायबाच्या देशातलं लाकूड. वर गाडी येत नाय, दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत डोक्यावरनं उतरवलं आमी, सा जणांनी."

"कुठल्या बंगल्यातलं?"

"आता कसं सांगू? चार बंगल्यांचा माल एकात झाला."

मी खाली बसले. उजवीकडचा खालचा खण ओढला आणि लोटला. चार बोटं बाहेर राहिला. उभी राहून गुडघा लावला, खट्‌कन बसला. मला हुंदकाच फुटला.

चांगो घाबरला. "पावसात सगळंच खण अडतात, बाय. रंधा मारून देतो."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

इथे एक सांगायला हवं. कचेरीत म्हणायचे, उमाबाईंच्या नजरेतून चूक सुटत नाही. आणि हीच ती शहाणी बाई. जेवायला बसणाऱ्याला खण गुडघ्याने लोटावा लागतो हे कशाला ठाऊक असेल? ज्याचे दोन्ही हात भांड्यांनी भरलेले असतात त्याला ते ठाऊक असतं. पंचेचाळीस वर्षं त्या खणाचं वाक्य ऐकलं मी, पण कधी उमगलं नाही. आणखी एक. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याच्या उष्ट्या पानात जेवायची रीत आहे. तेव्हा हे केवढ्यांदा ओरडले होते! "माझ्या घरात कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही!" सासूबाई मुकाट आत गेल्या. मी मनात म्हटलं, वा गं उमा, सुधारक नवरा मिळाला.

टेंपोतून साइडबोर्ड आलं. दिवाण बाहेर काढून चांगोच्या माणसांनी ते जेवणाच्या टेबलामागे भिंतीला लावलं. मी वर काचेचे पेले मांडले, चमचे खणात घातले, वरणभात, लिंबू, बटाट्याची भाजी केली आणि यांना हाताला धरून आणलं.

हे दारातच थांबले. चेहरा असा उजळला की काय सांगू! पुढे गेले, गोल डागावरून हात फिरवला. खण उघडला, चमचे एका रेषेत लावले, दोन्ही हातांत पेले घेतले आणि गुडघ्याने खण बंद केला. मी पदराने डोळे पुसले. आले गं बाई घरी, म्हटलं.

मग त्यांनी पेले टेबलावर ठेवले, माझी खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "बसा, बाईसाहेब."

मला हसू आलं. आयुष्यात कधी खुर्ची ओढली नव्हती या माणसाने. बसले. "आता तुम्ही पण बसा."

ते साइडबोर्डला पाठ लावून उभे राहिले. हात मागे, नजर खाली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आठ वर्षांच्या पोरासारखा उभा. "नाही, बाईसाहेब. तुमचं झालं की मागे आईबरोबर जेवतो."

मी हातातला घास ताटात ठेवला. "अहो, मी उमा! उमे म्हणा ना!"

ते घाबरले. "काही चुकलं का माझं?"

काय चुकलं होतं त्यांचं? मी चार घास गिळले. उठल्यावर त्यांनी माझं ताट उचललं, मागच्या पडवीत मोरीशेजारी नेलं, मांडी घालून बसले आणि माझ्या ताटात उरलेला सगळा भात जेवले. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. ताट चाटूनपुसून घासलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी साइडबोर्डवर चादर टाकली. हे चपला शोधायला लागले. दोन दिवस अन्नाचा कण नाही. चांगोला फोन करून म्हटलं, ने बाबा परत. टेंपो दारात आला आणि मीच तो माघारी धाडला. चादर काढली, टेबलाशी बसले आणि बाईसाहेब झाले.

त्याला चार महिने झाले. वजन पाच किलो वाढलं. डॉक्टर म्हणाले, कमाल केलीत. प्रणिता रोज विचारते, "जेवले ना बाबा?"

"जेवले हो."

"बघ, तुझंच खरं झालं."

उमे अशी हाक मात्र त्या दिवसापासून या घरात आलेली नाही. पानात टाकू नये म्हणून पोरीला जन्मभर ओरडले मी. आता रोज दोन्ही वेळा दोन माणसांचं वाढून घेते आणि चांगलं चांगलं कडेला सारते. काल साखरभात केला होता, यांना फार आवडतो. मी एक घास घेतला, बाकीचा तसाच पानात टाकला आणि उठले.