पान बेचाळीसवरची अक्का

पिंप्राळ्यातल्या वाचनगटासाठी या महिन्याचं पुस्तक हेमलताताईंनीच सुचवलं होतं. का नाही सुचवणार? धुळ्यातल्या त्यांच्या धाकट्या भावाचा, नवलचा, तो पहिलाच विनोदी कवितासंग्रह. त्यांचा स्वतःचा जेमतेम अर्धा वाचून झाला होता, पण कौतुकाला तेवढा पुरे.

रविवारी त्यांच्याच घरी मंडळी जमली. निवृत्त प्राध्यापक पितांबर सर विनोदामागची वेदना उलगडायला लागले, तशा पुष्पाबाई म्हणाल्या, "सर, आधी हसू तर द्या!"

ताईंनी पुस्तक मध्येच उघडलं. पान बेचाळीस.

"धुळ्यात ढग दिसण्याआधी अक्काचा फोन येतो,
छत्री घे म्हणते, ढग लाजून परत जातो."

सगळे खळखळून हसले. ताईही. पुढचं कडवं त्यांनी झोकात सुरू केलं.

"बोहल्यावर उभा मी, हार हातात घेतलेला,
अक्का कानात विचारते, स्वेटर का नाही घातला?"

ताई अडखळल्या. नवलचं ते लग्न त्यांना चांगलं आठवत होतं, आणि स्वेटरही. कान तापले. बैठकीतली सगळ्यांत तरुण दिपमाला हळूच म्हणाली, "ताई, ही अक्का म्हणजे..."

पुस्तक मिटावं असं त्यांना वाटलं. एवढ्यात त्यांचं लक्ष पुष्पाबाईंकडे गेलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "माझी चोपड्याची बहीण अशीच होती हो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता जेवलीस का म्हणून कोणी विचारत नाही."

ताईंनी चष्मा सारखा केला आणि कविता शेवटपर्यंत वाचली. मग सगळ्यांसमोर नवलला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"नवल, पान बेचाळीस."

पलीकडून बारीक आवाज आला, "अक्का, तू रागावनी का वं?"

"रागावू नको तर काय करू? कॉलेजच्या सहलीला तुझ्यामागे मफलर घेऊन स्टँडवर धावले होते, ते कुठंय यात?"

हसण्याच्या गलक्यात नवलचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात तो स्वतः आला. मफलरची नवी कविता त्यानं अक्काकडे न बघताच वाचली. पहिलं हसू मात्र पुढच्या रांगेतून आलं, आणि ते अक्काचंच होतं.