नागव्वाची गच्ची

"अक्का, तुझ्या त्या पेटीत कालवण ठिवून आलोय बघ!" मिलच्या फाटकाशी मायाप्पा हसत उभा होता.

"कसलं कालवण?"

"कसलं म्हंजे? बोकडाचं की! सांगोल्यास्नं बहिणीकडं रिकाम्या हातानं येतुय व्हय?"

कस्तुराबाईच्या हातातला घास हातातच राहिला. भावाला घरी पिटाळावं तर तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तो पोटभर हसून निघूनही गेला. भोळा सांब! मेंढरांत जन्म गेलेला, त्याला गच्चीचं राजकारण काय ठाऊक?

त्या वर्षी रॉकेलनं सगळ्यांनाच रडवलं होतं. रांगेत उभं राहावं तर मिलचा खाडा, मिलला जावं तर चूल थंड. एकट्या बाईनं करावं काय? मग सरकारनं निम्म्या किमतीत सूर्यचुली काढल्या. लाकडी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. पण भाडेकरूला घरमालकाची संमती हवी म्हणे. सोलापुरात फुकट मिळतं ते एक ऊन, तेही मागून घ्यायचं! कारण ऊन पडायचं गच्चीवर आणि गच्ची नागव्वाची.

नागव्वा लिंगायत, विधवा, जिभेला धार. "आज पेटी ठिवशील, उद्या कोर्टात जाऊन गच्ची माझी म्हनशील. कायदा तुमा भाडेकरूंचाच हाय की ग!" महिनाभर पाय धरल्यावर एकदाची पाघळली. "ठेव. पर माझ्या गच्चीवर मांसमच्छी शिजली, की पेटी रस्त्यावर."

आणि आज बोकड! कस्तुराबाईचं कामात लक्ष लागेना. धागा तुटत होता, मुकादम ओरडत होता. डाळभाताला दुपारचं ऊन पुरायचं, पण मटणाला पेटी उन्हाबरोबर फिरवत राहावी लागणार. मायाप्पा कशाला फिरवतोय? म्हणजे मटण कच्चं, पेटी रस्त्यावर, आणि उद्यापासून पुन्हा ती मेली रॉकेलची रांग. तिला रडूच यायला लागलं.

मिल सुटताच ती धावत सुटली. पेटी रस्त्यावर नव्हती. खाली कट्ट्यावर मायाप्पा घोरत होता. ती धापा टाकत गच्चीवर गेली.

पेटीकडं पाठ करून, नाकाला पदर लावून नागव्वा भर उन्हात बसली होती. शेजारी वाळवणावरचे कावळे हाकलायची काठी.

"अव्वा, चुकलं. त्याला ठावं नव्हतं. आत्ता उचलते."

"हात लावू नको! अजून शिजायचं हाय."

कस्तुराबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"तुझा भाऊ सारखा काच उघडून बघतुय. असं शिजंल का कदी? हाकलला खाली," नागव्वा भिंतीकडं बघतच बोलत होती. "मी काय बघितलं न्हाई. शिवा शिवा! पर दारात आलेला पाव्हना कच्चं खाऊन गेला, तर नाव माझ्या घराचंच जातंय की."

"आन् पेटी?" कस्तुराबाईनं विचारलं.

"पेटीला काय झालं? ऱ्हाऊ दे हितंच. पर पुन्यांदा असं असलं तर आदी सांगायचं. त्या दिवशी मी मठात जाऊन बसीन."

कस्तुराबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. ती तिथंच खाली बसली.

"बसतीस काय? भाकऱ्या टाक जा. पाव्हना भुकेला हाय."

उठताना तिचं लक्ष जमिनीवर गेलं. गच्चीच्या धुळीत पेटी सरकवल्याचा अर्धगोल ओरखडा उमटला होता, उगवतीकडून मावळतीकडं वळत गेलेला, आणि त्याच्या कडेकडेनं काठीच्या टोकाचे ठसे. नागव्वाचं पाठीवरचं लुगडं घामानं चिंब भिजलं होतं. तिनं मागं न बघताच काठी उचलली, चाचपत पेटीला टेकवली आणि आणखी जराशी उन्हाकडं ढकलली.