सलाईनच्या दोन पिशव्या

मित्रांनो, तुमच्या दप्तरासारखे मलाही दोन पट्टे आहेत, पण माझ्या पोटात कधी वही-पुस्तक गेलेले नाही. मी सैन्यातली सॅक आहे, आणि वयाने तुमच्यातल्या पुष्कळांच्या आईबाबांच्या जवळपास असेन. माझा मूळचा हिरवा रंग आता धुळीच्या रंगाला येऊन टेकला आहे. मला पाय नाहीत, तरी मी खूप चालले. मला पाठ नाही, तरी पाठीविषयी मला बरेच कळते. कुणाचा श्वास कुठल्या चढाला लागतो, कुणाचा कोणता खांदा आधी उतरतो, माणूस थकून थांबला आहे की मनात काही खुपते म्हणून थांबला आहे, हे सारे मला पट्ट्यांतून समजते.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. जाड कापडाचे तुकडे यंत्राने कापले आणि एका बाईने ते जोडले. माझ्या तळाची शिवण घालताना तिच्या यंत्राची सुई मोडली. ती वैतागली, तिने नवी सुई घातली आणि पहिल्या टाक्यांवरूनच पुन्हा एकदा शिवण मारली. त्यामुळे माझा तळ दुपटीने मजबूत झाला. मोडलेल्या सुईचे मी आजही आभार मानते.

मी पहिल्यांदा चढले ती रोहेलियो बाएझांच्या पाठीवर. ते तेव्हा विशीतले शिपाई होते आणि जखमींना जागच्या जागी पट्ट्या बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. बँडेज, कात्र्या, सलाईन, सगळे माझ्यात भरलेले असे. "ही सॅक नाही, खेचर आहे!" असे ते माझ्या पाठीवर, म्हणजे झाकणावर थाप मारून सगळ्यांना सांगत. पुढे एका स्फोटात त्यांचाच पाय जायबंदी झाला. ते अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या आपल्या घरी परतले आणि मला त्यांनी गॅरेजमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांखाली ठेवून दिले. ते मला विसरले असे मी म्हणणार नाही. ते मला टाळत होते. गॅरेजमध्ये आले की त्यांची नजर माझ्यावरून घाईघाईने पुढे जायची. माझ्या बाहेरच्या खिशात एका कोळ्याने संसार थाटला, आणि कितीतरी वर्षे तोच माझा सोबती होता.

मग एका शनिवारी त्यांची पुतणी येसेनिया आली. तिने दिव्यांच्या माळा बाजूला केल्या आणि मला ओढून बाहेर काढले.

"काका, ही मी घेऊ?"

"कशाला? सहल आहे का?"

"मला सैन्यात जायचंय. नर्स म्हणून."

ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. काकांनी हातातला हिरव्या मिरच्यांचा बुरिटो खाली ठेवला. "आईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा ना."

"म्हणजे पहिल्याच लढाईत मला पुढे करतेस! अधिकारी व्हायला अगदी लायक आहेस."

दोघेही हसले. मग काका गंभीर झाले. "माझा पाय एका कॅप्टन नर्सने वाचवला," ते म्हणाले. "तंबूत झोपवून ती मला सारखी ओरडत होती, हलू नकोस म्हणून. तशी हो. पण आधी चालायला शीक. तिथला दवाखाना एका जागी बसून राहत नाही, पोरी. तो उचलून न्यावा लागतो."

सैन्यातली नर्स नुसती नर्स नसते, अधिकारीही असते. म्हणून येसेनियाला उन्हाळ्यात अधिकारी-प्रशिक्षणाच्या मोठ्या शिबिराला जायचे होते. पण तिथे कुणालाही पाठवत नसत. आधी विद्यापीठातच, तिथल्या सैनिकी प्रशिक्षणाच्या प्रमुख मेजर मॅडमच्या देखरेखीखाली, एक परीक्षा होती: निदान पस्तीस पौंडांची, म्हणजे सुमारे सोळा किलोंची सॅक पाठीवर घेऊन, ठरलेल्या वेळेत, वाळवंटातून बारा मैल चालायचे.

तिच्याबरोबर तयारीला होती तिची वर्गमैत्रीण कॉरिन स्टोव्हॉल. कॉरिन गुरांच्या वाड्यावर वाढलेली, अंगाने किरकोळ आणि जिभेने तिखट. दोघींनी वजनासाठी छान युक्ती काढली. नर्सिंगच्या प्रयोगशाळेत मुदत संपलेल्या सलाईनच्या पिशव्या टाकून देत. एका पिशवीत एक लिटर, म्हणजे दोन पौंडांहून थोडे जास्त. दगडविटांसारखी ती पाठीला टोचत नाही, पाठीच्या आकाराची होऊन बसते. कॉरिन म्हणायची, "लोक पाठीवर दगड घेऊन चालतात, आपण पाठीवर अख्खा वॉर्ड घेऊन चालतोय!" सारा हिवाळा आणि वसंत आम्ही कालव्याच्या काठाने चाललो. येसेनियाचा डावा खांदा आधी उतरायचा. कॉरिनच्या टाचा सोलवटायच्या. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

परीक्षेच्या दिवशी उन्हाच्या आधी सगळे मैदानात जमले. परीक्षा घेणारे सार्जंट व्हिटलो यांनी ट्रकच्या मागे काटा टांगला होता. एकेक सॅक त्याला अडकवून त्यांनी वजने पाहिली. मग ते म्हणाले, "ज्याला झेपणार नाही त्याने मला येऊन सांगायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा चालता येईल. त्यात कमीपणा नाही. कमीपणा कशात असतो ते तुम्हाला माहीत आहे."

निम्म्या वाटेवर पाण्याचा ट्रक उभा होता. तिथे पोचेपर्यंत कॉरिन लंगडत होती. तिने बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला.

"सार्जंटना सांग," येसेनिया म्हणाली.

"गप गं! पट्टी लावून येते. माझ्या सॅकवर लक्ष ठेव, पळून जाईल ती."

कॉरिन ट्रकच्या पलीकडे पट्टी लावून घ्यायला गेली. मी आणि कॉरिनची सॅक जमिनीवर बसलो होतो, मध्ये येसेनिया. तिने इकडेतिकडे पाहिले. मग वॉर्डात पेशंटच्या पाठीखालची उशी सरकवावी तितक्या सहज हातांनी तिने कॉरिनच्या सॅकमधल्या सलाईनच्या दोन पिशव्या काढल्या आणि माझ्यात ठेवल्या. सरावाच्या वेळी वजन फक्त सुरुवातीला पाहत. तिला वाटले, कुणाचे काय बिघडते? ओझे आपल्याच पाठीवर, दुखणार आपलीच पाठ. हे तिच्या मनात होते असे मी सांगते, कारण मला पाठीवर घेताना ती गालात हसत होती.

कॉरिन परत आली, सॅक चढवून चालू लागली आणि थोड्या वेळाने ओरडली, "येसे, पट्टी काय जादूची आहे गं! अंग हलकं वाटतंय!"

येसेनिया माझे पट्टे आवळून चालत राहिली. दोघी वेळेत पोचल्या. कॉरिनने आनंदाने टोपी उडवली. तेवढ्यात सार्जंट म्हणाले, "सॅक काट्याला लावा."

माझ्या पट्ट्यांखाली येसेनियाचे खांदे एकदम ताठ झाले.

कॉरिनच्या सॅकचे वजन सकाळपेक्षा चारेक पौंड कमी भरले. सार्जंटनी काटा ठोकून पाहिला, पुन्हा सॅक अडकवली. पुन्हा तेच. त्यांनी सॅक उघडायला लावली.

"दोन पिशव्या कुठे गेल्या, स्टोव्हॉल?"

"इथेच... मी भरल्या होत्या, सार्जंट. सकाळी तुम्हीच वजन केलंत."

"तेच विचारतोय. सकाळी होत्या. कुठल्या झुडपात टाकल्यास?"

"मी टाकल्या नाहीत!"

"सोमवारी मेजर मॅडमना सांग. वजन उचलता आलं नाही हे मी समजू शकतो. हे नाही." ते वळले. "बाएझा, पुढे ये."

माझे वजन नेमापेक्षा जास्त भरले. जास्त वजनाला कुणी हरकत घेत नाही. सार्जंट म्हणाले, "शाब्बास." आयुष्यात माझे कौतुक अनेकदा झाले आहे, मित्रांनो, पण त्या एका शब्दाइतके जड मी काही वाहिलेले नाही. येसेनियाने तोंड उघडले होते. मी पाठीमागून तिचा श्वास आत गेलेला ऐकला. तो शब्द न होताच बाहेर आला.

घरी आल्यावर तिने मला रिकामे केले नाही. पलंगाशी टेकवून ती मला पाठ लावून जमिनीवर बसली. संध्याकाळी कॉरिनचा फोन आला. तिचा आवाज रडून बसला होता.

"येसे, तू तर तिथेच होतीस. माझ्या सॅकला कुणी हात लावताना दिसलं का गं?"

येसेनियाची पाठ माझ्यावर दाबली गेली.

"नाही."

"मी सकाळपासून आठवतेय. मलाच वेड लागलंय का? बाबांना काय सांगू? चोर म्हणाले नाहीत एवढंच." मग ती म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे."

फोन ठेवल्यावर येसेनियाने माझे झाकण उघडले, त्या दोन पिशव्यांकडे पाहिले आणि झाकण पुन्हा लावले. असे तिने किती वेळा केले ते मी मोजले नाही. आईने हाक मारली तर ती भूक नाही म्हणाली.

रविवारी तिची दवाखान्यात शिकाऊ नर्स म्हणून ड्यूटी होती. परतल्यावर ती आईजवळ स्वयंपाकघरात बसली. मी दाराशी होते.

"आई, चुकीची गोळी दिली गेली तर आम्ही लगेच सांगतो. पेशंटला काही झालं नाही तरी. पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात. लपवायचं नाही, वाट पाहायची नाही."

आईने हातातली सुरी खाली ठेवली. "दिलीस की काय तू?"

"गोळी नाही."

"मग काय?"

येसेनियाने सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले. ती रागावली नाही, धीरही दिला नाही. फक्त म्हणाली, "आणि ती पोरगी काल रात्री जेवली असेल का?"

सोमवारी येसेनिया मला घेऊन मेजर मॅडमच्या खोलीत गेली. सार्जंटही तिथे होते. कॉरिन खुर्चीच्या कडेवर बसली होती. येसेनियाने त्या दोन पिशव्या माझ्यातून काढून टेबलावर ठेवल्या आणि घडले ते सांगितले. फोनवरच्या 'नाही'सकट.

कॉरिन उभी राहिली. तिला आनंद होईल, असे मला वेडीला वाटले होते.

"पेशंटला हात लावण्याआधी विचारतेस ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "साधा ताप बघायचा तरी 'बघू का?' म्हणतेस. मग मला का नाही विचारलंस? मी 'नको' म्हटलं असतं. नाहीतर सार्जंटना सांगून पुन्हा चालले असते. ते माझं मी ठरवलं असतं."

"तुझ्या टाचा बघून मला..."

"टाचा माझ्या आहेत!"

मेजर मॅडमनी पिशव्या बाजूला सारल्या. "बाएझा, पिशव्या हलवल्यास ती चूक होती," त्या म्हणाल्या. "चांगल्या मनाने केलेली चूक. तिच्यासाठी मी तुला पुन्हा चालायला लावलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण काट्यापाशी गप्प राहिलीस, आणि फोनवरही. ती चूक नव्हती. ते तू ठरवलंस. उद्या तुझ्या हाताखाली माणसं असतील, आणि तुझ्या चुकीचा आळ त्यांच्यावर येईल. तेव्हा काय ठरवशील?"

येसेनिया त्या दोन पिशव्यांकडे पाहत राहिली.

कॉरिनवरचा आळ गेला, पण कमी वजनाने चाललेली परीक्षा मोजता येत नव्हती. तिला शनिवारी पुन्हा चालायचे होते, टाचा बऱ्या होण्याआधी. येसेनियाला त्या उन्हाळ्यात शिबिराची जागा मिळाली नाही. "पुढच्या वर्षी अर्ज कर," मेजर मॅडम म्हणाल्या, "तेव्हाही यावंसं वाटलं तर."

त्या शनिवारी येसेनिया सार्जंटची परवानगी घेऊन पाण्याच्या ट्रकपाशी मदतीला उभी राहिली. मला तिने बँडेज आणि चिकटपट्ट्यांनी भरून पाठीवर घेतले होते. कॉरिन दुरून येताना दिसली. टाच टेकत नव्हती, चवड्यावर चालत होती. तिला पाहून येसेनियाचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. मग ते तिने मागे घेतले. मित्रांनो, भरल्या ओझ्याने चढ चढतानाही तिच्या पाठीचे स्नायू इतके ताणलेले मी पाहिले नव्हते.

"पट्टी बदलू का?" तिने विचारले.

"नको."

"बरं."

कॉरिन पाय रोवून उभी होती. तिने सॅक उतरवली नाही. उतरवली असती तर पुन्हा चढवता आली नसती. तिने येसेनियाकडे पाहिलेही नाही.

"पाणी दे," ती म्हणाली.

येसेनियाने बाटली दिली. कॉरिन प्यायली, बाटली परत केली आणि चालू लागली. येसेनिया तिथेच उभी राहिली. कॉरिन वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती एक पाऊलही पुढे न टाकता उभी राहिली. कॉरिन वेळेत पोचली, आणि तिचे वजन बरोबर भरले, हे आम्हाला नंतर सार्जंटकडून कळले. तिने स्वतः फोन केला नाही. अजूनही केलेला नाही.

मित्रांनो, मी म्हातारी सॅक, तुम्हाला मोठे काय सांगणार? घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू पडली असेल तर कधीतरी तिची धूळ झटका, तिच्या शिवणी बघा. आणि दमलेल्या माणसाचे ओझे उचलायला जरूर धावा, पण हात लावण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर जवळ उभे राहा. नुसते उभे राहणे किती जड असते, ते मी त्या दिवशी येसेनियाच्या पाठीवरून पाहिले आहे.