उष्टा ग्लास

जगानं एकदा मनावर घेतलं की काय होतं, ते न्यूझीलंडातल्या हिल्सबरोत येऊन पाहावं. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या राजवटीला सगळ्या देशांनी साठ सालीच असं वाळीत टाकलं, की तेल नाही, मीठ नाही, क्रिकेटसुद्धा नाही. राजवटीनं देश सोडला, पण सत्ता काही सोडली नाही. देशोदेशी हिंडत ती आता यादवराव कांबळ्यांच्या शेजारच्या रिकाम्या गॅरेजात येऊन बसली होती. अल्पसंख्याकांची राजवट इतकी अल्प उरली होती, की तीत एकटे म्हातारे क्लासनसाहेबच होते. राष्ट्राध्यक्ष तेच, प्रजाही तेच. दारावर पाटी होती, 'फक्त गोऱ्यांसाठी'.

बहिष्काराचा कायदाही जागच्या जागी होता. राजवट आहे तोवर तिला काडी द्यायची नाही. दिली तर नागरिकत्व विसरा. आणि यादवरावांचा नागरिकत्वाचा समारंभ उद्यावर आलेला. ते हुकलं, की मुलगा-नातवंडं इथे आणि म्हातारा-म्हातारी परत नागपुरात.

नेमका साहेबांचा नळ बंद पडला. कुंपणाशी येऊन त्यांनी पाणी मागितलं. समोर बहिष्कार समितीचा रमण जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून खुर्चीत पहाऱ्याला बसलेला.

यादवरावांनी पळवाट काढली. पाणी द्यायला बंदी आहे, सांडायला नाही. त्यांनी तांब्या आणला, तोंड फिरवलं आणि वरून धार सोडली. साहेबांनी खाली ओंजळ धरली.

धार कुठे पडतेय ते पाहायला मान वळवली, तर ती ओंजळ दिसली आणि यादवरावांनी तांब्या खाली घेतला. गावच्या विहिरीवर त्यांचे वडील असेच उभे राहायचे, आणि धार सोडणारा असंच तोंड फिरवून घ्यायचा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते घरात गेले, स्वतःचा ग्लास भरून आणला आणि साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला. "यातून आधी कोण प्यायलंय?"

"मी. आत्ताच."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. मग घटाघटा प्यायले आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

रमण उठून आला. "काका, सॉरी हं. हे रिपोर्ट करावं लागेल."

"कर की," कमलाबाई खिडकीतून म्हणाल्या. "राजवट पडली म्हणून कर. आमच्या ह्यांचं उष्टं प्यायला तो. आता कसली राजवट, आणि बहिष्कार तरी कुणावर?"

रमणनं बराच वेळ डोकं खाजवलं. मग "स्वीट अ‍ॅज" म्हणून, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास' म्हणून, खुर्ची मिटली.

साहेब अजून ग्लास पुढे करून उभेच होते. यादवराव तो घेऊन आत गेले. पाणी आणायला गेले की डोळे पुसायला, ते कमलाबाईंनी विचारलं नाही.