रडवं होल

“त्या पाटीला हात लावू नगं,” शिदू ओढ्यापलीकडूनच म्हणाला.

सरूबाई केरसुणी घेऊन वाळूच्या कडेला थांबली. चिंगीच्या जागी तिला कालच कामावर घेतलं होतं. पाच होल झाडून ती इथवर आली, तर वाळूच्या कडेशी बांबूची पाटी पालथी घातलेली, वर दगड.

लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर साहेबलोकांचं ते नऊ होलांचं गोल्फचं मैदान होतं. उन्हाळ्यात तिथे हिरवळ टिकत नसे, म्हणून प्रत्येक होलभोवती, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती, खळ्यासारखी वाळू पसरलेली. वाळूत मोटारीचं जळकं तेल मिसळत. त्यामुळे ती उडत नसे, आणि तिच्यावर उमटलेलं तसंच राही. शिदू गवत कापायचा, त्याची बायको चिंगी वाळू झाडायची. होलांना साहेबांनी नंबर दिले होते, चिंगीनं नावं. पहिलं बांधाचं. तिसरं वाकडं, कारण तिथे चेंडू आंब्याला वळसा घालून न्यावा लागे. आणि हे सहावं, रडवं. टेकाडावरून मारलेला चेंडू ओढा ओलांडून एवढ्याशा वाळूवर थांबवायचा. कमी पडला तर पाण्यात, जास्त गेला तर करवंदीच्या जाळीत. जाळीतले चेंडू काढताना चिंगीचे हात ओरबाडून निघत. ती हसून म्हणे, मोठमोठ्या साहेबांना रडवलंय यानं, तिथं माझं काय.

गेल्या आठवड्यात तिनं हेच होल शेवटचं झाडलं. झाडून झाल्यावर तिला घेरी आली. जरा बसले, मग हात टेकून उठले, असं तिनं घरी येऊन सांगितलं आणि आडवी झाली. बैलगाडी जुंपून रस्त्याला लागेपर्यंत संपली.

तिसरा दिवस करून शिदू कामावर आला, तेव्हा त्याला वाळूवर तो हात उमटलेला दिसला. पाचही बोटं, आणि मनगटापाशी बांगड्यांच्या रेघा. घरात चिंगीचा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. शिदूनं पाटी आणून झाकली आणि क्लबच्या सेक्रेटरी साहेबांना सांगितलं, सहावं बंद ठेवा. येत्या रविवारी कपाचा सामना होता. साहेब रागानं बघायला आले, पाटीखाली बघितलं, आणि टोपी काढून उभे राहिले. आठच होल खेळू म्हणाले.

आता शिदू ओढा उतरून अलीकडे आला. त्यानं दगड बाजूला केला, पाटी उचलली. सरूबाई उकिडवी बसली.

“चिंगीचाच,” ती म्हणाली. “करंगळी वाकडी.”

“व्हय.”

“किती दिस झाकनार?”

“ऱ्हाईल तवर.”

सरूबाईनं वाळूवरून नजर फिरवली. करंजाची पानं पडली होती. कुत्र्याची पावलं आरपार गेली होती, पाखरांनी उकरलं होतं.

“येक पाऊल दिसलं तरी ती समदं फिरून झाडायची. मला म्हनायची, सरू, आपन हितं हुतो ते कुनाला कळाया नगं. शिदूभाऊ, तिनं हात ठिवला न्हाई रं. पुसायचा ऱ्हायला तिच्याच्यानं.”

वारा करवंदीत सळसळत होता. शिदूनं हात पुढे केला आणि सरूबाईनं केरसुणी दिली.

चिंगी झाडायची तसंच तो झाडू लागला. होलापासून सुरुवात, वाटोळं फिरत, मागं मागं सरकत, म्हणजे आपलीच पावलं आपण पुसत बाहेर यायचं. त्याला ते नीट जमत नव्हतं. मध्येच रेघ वाकडी जाई, मग तो परत आत जाऊन पहिल्यापासून धरी. सरूबाईनं त्याला एकदाही सांगितलं नाही की मी करते.

कडेचा हाताचा ठसा तेवढा राहिला. तो गुडघ्यावर बसला. आपला हात त्यानं वरून धरला, टेकवला नाही. मग उठून केरसुणी फिरवली.

“रविवारी नऊच्या नऊ खेळा म्हनावं साहेबाला,” तो म्हणाला.

पाटी रिकामी होती. तरी ओढा ओलांडताना त्यानं ती दोन्ही हातांनी धरली होती.